जुन्या बंदराचा सागरी नकाशा हाती आला तर: उलगडणं, वाचणं, जपणं

आमच्या जालन्याच्या घरात आजीच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाला एक जाड कागद अंथरलेला असायचा. मागून कापड चिकटवलेलं, कडा काळवंडलेल्या. त्यावर तिची इरकली लुगडी. दर दिवाळीला ट्रंक रिकामी व्हायची, कागद झटकला जायचा आणि पुन्हा जागेवर जायचा. "समिंदराचा कागद हाय तो, फेकू नका," एवढंच ती सांगायची. पणजोबांचं अडतीचं दुकान होतं. कापसाच्या निमित्ताने त्यांचं मुंबईला जाणं-येणं असे. आजी गेल्यावर कागद बाहेर काढला, तेव्हा तो मुंबई बंदराचा चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, निघाला. ब्रिटिश आरमाराच्या जलसर्वेक्षण विभागाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला.

समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब. तरीही मराठवाड्याचं बंदरांशी नातं जुनं आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचा. त्यामुळे इथल्या एखाद्या माळवदाच्या घरात, जुन्या पेढीच्या दप्तरात किंवा रद्दीत बंदराचा चार्ट सापडला, तर नवल वाटायला नको. सापडल्यावर काय करायचं, हे गेल्या काही वर्षांत मी चुकत-शिकत गोळा केलं. ते इथे क्रमाने मांडतो.

आधी ऋतू बघा, मग गुंडाळी सोडा

चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की जुना कागद पापडासारखा होतो. त्या दिवसांत घट्ट गुंडाळी उलगडायला गेलात तर घडीवर कागद कडकन तुटतो. मृगाचे एक-दोन पाऊस होऊ द्या. हवेत ओल आली की कागद आपोआप सैल पडतो आणि अर्धं काम तिथेच होतं. तोवर गुंडाळी सुती कापडात सैलसर बांधून आतल्या खोलीत ठेवा.

पाऊस पडूनही कागद ताठच राहिला, तर झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला ओलं करून पिळलेलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर गुंडाळी. पाण्याचा थेंबही कागदाला लागता कामा नये. झाकण लावून दर तासाने बघत राहा. कागद हाताला मऊ लागला की बाहेर काढून दोन टिपकागदांच्या मध्ये सपाट ठेवा आणि वर फळी व थोडं वजन द्या. टिपकागद पहिल्या दिवशी दोन-तीनदा बदला. कागदावर बुरशीची भुकटी किंवा कुबट वास असेल, तर हा प्रयोग मुळीच करू नका, कारण ओलीत बुरशी जागी होते. असा कागद आधी सावलीत, वाहत्या हवेत कोरडा करावा आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवावा.

उलगडल्यावर पहिला मोह पुसण्याचा होतो. मऊ ब्रशने मधून कडेकडे हलकी धूळ काढा आणि तिथेच थांबा. खोडरबर तर लांबच ठेवा. चार्टवर पेन्सिलीच्या बारीक रेघा असतात. तो मळ नसतो. जहाजावरच्या कुणीतरी आखलेला तो मार्ग असतो.

टॉर्च आडवा धरा

खोलीत अंधार करा आणि टॉर्च कागदाच्या पातळीला, एका बाजूने आडवा धरा. मी हे पहिल्यांदा केलं त्या रात्री आमच्या चार्टवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. खांदेरी बेटाच्या बाहेर दोन, बंदराच्या तोंडाशी तीन, पुढे आत आणखी. ती दुटोकी कर्कटकाची भोकं होती, अंतर मोजताना टेकवलेली. म्हणजे हा कागद कधीतरी खरोखर जहाजाच्या टेबलावर होता आणि त्यावरून कुणी मुंबईत शिरलं होतं. दिवसाच्या उजेडात मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

याच उजेडात छपाईही तपासून घ्या. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चार्टला चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट दिसते आणि शाईची रेघ बोटाला किंचित उंच लागते. भिंगाखाली रेघ सलग दिसायला हवी. तिच्याऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची प्रत समजा. चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' केलेली प्रतही अशीच ओळखू येते. तिचा तपकिरी रंग सगळीकडे सारखा असतो, तर खऱ्या जुन्या कागदाचा रंग कडांना, घड्यांना आणि हात लागलेल्या जागी गडद झालेला असतो. कागद उजेडासमोर धरून पाणखूणही बघा. काही इंग्रजी कागदांच्या पाणखुणेत कारखान्याच्या नावाबरोबर सालही असतं. मागून कापड लावलेलं असेल, तर मात्र ती दिसणं अवघड जातं.

दीपगृहांच्या जागी पिवळा-तांबडा रंग आढळला, तर तो हाताने भरलेला असण्याची शक्यता जास्त. पाणी लागलं की तो पसरतो.

मजकूर काठावर आहे

नवखा माणूस आधी मधला देखणा भाग बघतो. तुम्ही काठापासून सुरुवात करा. शीर्षकाखाली सर्वेक्षण कोणी आणि कोणत्या साली केलं ते असतं. खालच्या कडेला मध्यभागी प्रकाशनाची तारीख आणि त्या वेळच्या मुख्य जलसर्वेक्षकाचं नाव. डाव्या कोपऱ्यात 'किरकोळ दुरुस्त्या' म्हणून महिना-वर्ष, आणि त्यात महिना बहुधा रोमन आकड्यात. उजव्या बाजूला चार्टचा क्रमांक, कधी किंमतही.

म्हणजे एकाच कागदावर किमान तीन काळ असतात: मोजणीचा, छपाईचा आणि दुरुस्तीचा. तांब्याचा पत्रा वर्षानुवर्षं तोच वापरत. बदल झाला की पत्रा मागून हलकेच ठोकून, घासून गुळगुळीत करत आणि नवं कोरत. त्यामुळे शीर्षकातलं साल हे तुमच्या कागदाचं वय नाही. विकणारे नेमकं तेच साल पुढे करतात, तेव्हा सावध राहा.

जलसर्वेक्षकाच्या नावाने काळ बराच आवळता येतो. ब्रिटिश आरमाराने १७९५ मध्ये हे पद निर्माण केलं. पहिला मान अलेक्झांडर डॅलरिंपलला मिळाला. तो त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीचाच जलसर्वेक्षक होता. पुढे ब्यूफर्ट १८२९ ते १८५५, वॉशिंग्टन १८६३ पर्यंत, रिचर्ड्स १८७४ पर्यंत, इव्हान्स १८८४ पर्यंत आणि व्हार्टन १९०४ पर्यंत. एवढी पाच नावं वहीत लिहून ठेवली तरी एकोणिसाव्या शतकातले बरेच चार्ट जागेवर बसतात.

दुसरा साक्षीदार म्हणजे बांधकामं. मुंबईच्या चार्टसाठी ही यादी मी नेहमी जवळ ठेवतो: कुलाब्याला जोडणारा रस्ता १८३८, खांदेरीचं दीपगृह १८६७, ससून डॉक आणि प्रॉन्ग्जचं दीपगृह १८७५ च्या सुमारास, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, अलेक्झांड्रा डॉक १९१४. आमच्या चार्टवर इव्हान्सचं नाव आहे, प्रिन्सेस डॉक आहे, व्हिक्टोरिया डॉक नाही आणि किरकोळ दुरुस्ती १८८६ ची आहे. तिन्ही साक्षी जुळल्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जे काढलेलं आहे तो पक्का पुरावा, आणि जे नाही तो नुसता इशारा. दुरुस्ती पोहोचायला उशीर लागतो, म्हणून गोदी बांधून झाल्यावरही काही काळ चार्टवर नसू शकते. उलट आखणी झालेलं काम तुटक रेघेत आधीच दाखवलेलं असू शकतं.

आणखी एक बारकावा. रेखांश ग्रीनिचपासून मोजावेत हे १८८४ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या परिषदेत ठरलं. त्याआधीचा, आणि त्यानंतरही काही दशकं छापलेला, फ्रेंच चार्ट पॅरिसपासून मोजतो आणि ते ग्रीनिचच्या पूर्वेला सुमारे २ अंश २० मिनिटांवर आहे. आकडे जुळेनात म्हणून चार्ट खोटा ठरवण्याआधी काठावरची ती ओळ वाचा.

पाण्यातले आकडे

इथे मी थांबून थांबून वाचतो, तुम्हीही तसंच वाचा. चार्टचा खरा विषय जमीन नाही, तळ आहे. पाण्याच्या पांढऱ्या भागात विखुरलेला प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी होडीतून शिशाचा गोळा दोरीने खाली सोडला, तो टेकला, दोरी मोजली आणि लिहून घेतलं. असे शेकडो आकडे, वर होडी हलत असताना.

आकडे बहुधा फॅदममध्ये असतात. एक फॅदम म्हणजे ६ फूट, १.८३ मीटर. आपल्या भाषेत याला वाव म्हणतात: दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. इंग्रजी शब्दाचं मूळही पसरलेल्या हातांतच आहे. मराठवाड्यात विहिरीची खोली परसात सांगतात आणि परस म्हणजे पुरुषभर. माप पुन्हा माणसाच्या अंगावरूनच. माझ्या वर्गातल्या मुलांना मी चार्ट असाच वाचायला लावतो. '५' दिसला की म्हणा, इथे पाच परसांची विहीर आहे. लगेच डोळ्यांपुढे खोली उभी राहते, कारण विहिरीत वाकून सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

मात्र छोटा भाग मोठा करून दाखवणाऱ्या बंदराच्या नकाशात आकडे फुटांतही असतात. शीर्षकाखाली 'खोली फॅदममध्ये' की 'फुटांत', हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे चूक झाली तर खोली सहा पटींनी चुकते. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते. आकड्यावर आडवी रेघ आणि टिंब असेल तर तेवढी दोरी सोडूनही तळ लागलेला नाही. नांगराचं चिन्ह म्हणजे नांगर टाकायची जागा.

आकड्यांच्या शेजारी एक-दोन इंग्रजी अक्षरं असतात. गोळ्याच्या बुडाला खळगा असे. त्यात चरबी भरत आणि तळाचं जे असेल ते तिला चिकटून वर येई. 'एम' म्हणजे चिखल, 'एस' वाळू, 'आर' खडक, 'एसएच' शिंपल्या. मुंबईच्या आतल्या बंदरात 'एम' ठिकठिकाणी दिसतं. चिखलात नांगर चांगला रुततो, आणि वाऱ्यापासून आडोसा तर आहेच. आमच्या चार्टवर उरणजवळच्या करंजाच्या बाजूला एकाच ओळीत सात वेळा 'एम' आहे, मग अचानक 'आर'. त्या एका अक्षराने एखादं गलबत वाचलं असेल.

हे आकडे ओहोटीच्या खालच्या पातळीवरून दिलेले असतात, म्हणजे भरतीला पाणी त्याहून जास्त. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या पुढे जातं. चार्टच्या कोपऱ्यात पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीची वेळ रोमन आकड्यांत दिलेली असते. ती कोकणातल्या खलाशांच्या हिशोबाशी ताडून बघा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला ३ वाजता भरती, अष्टमीला ६ वाजता, पंधराव्या तिथीला सव्वाअकराच्या आसपास. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिथी असतेच, त्यामुळे जालन्यात बसून मुंबईची भरती सांगता येते. मुलांना याचं फार कौतुक वाटतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

अंतर मोजायचं असेल तर कर्कटकाची टोकं चार्टवर न टेकवता कागदी पट्टीवर खुणा करा. ती पट्टी डाव्या किंवा उजव्या काठावरच्या अक्षांशाच्या मापाला लावा. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. वरच्या-खालच्या काठावरचं रेखांशाचं माप त्यासाठी चालत नाही.

नावं मोठ्याने म्हणा

हे काम मराठी माणसाइतकं सहज दुसऱ्या कुणाला जमणार नाही. इंग्रज खलाशांनी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. म्हणून डोळ्यांनी वाचून अडलात, तर ओठांनी वाचा. 'केनरी' आणि 'हेनरी' म्हणजे खांदेरी-उंदेरी. याच खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या आरमाराशी तिथे गाठ पडली. 'बँकूट' म्हणजे बाणकोट, 'सेव्हर्नड्रूग' म्हणजे सुवर्णदुर्ग, 'झायघर' म्हणजे जयगड. 'घेरिया' मात्र नुसतं म्हणून उलगडत नाही. तो विजयदुर्ग, शेजारच्या गिर्ये गावाच्या नावावरून आलेला.

काही नावं ऐकून नव्हे, बघून पडली. समुद्रातून नरसाळ्यासारखा दिसणारा सुळका 'फनेल हिल', म्हणजे आपला कर्नाळा. 'बुचर आयलंड' म्हणजे आजचं जवाहर द्वीप, 'एलिफंटा' म्हणजे घारापुरी. चार्टच्या मोकळ्या जागेत डोंगरांची आडवी रेखाचित्रं असतात, तीही अशाच कामाची. समुद्रातून येताना कोणता सुळका कुठल्या टेकडीच्या डोक्यावर आला की वळायचं, हे त्यांत दाखवलेलं असतं. शोभेची म्हणून ती सोडून देऊ नका.

वहीत तीन रकाने करा: चार्टवरचं नाव अक्षरशः, आजचं नाव, आणि ते कशावरून ठरवलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. अंदाज भरू नका.

फोटो आणि आजच्या नकाशावर बसवणं

खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथे, फ्लॅश बंद करून फोटो घ्या. पूर्ण आकाराचा आरमारी चार्ट सुमारे ४० × २७ इंचांचा असतो, तेव्हा तुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर एक तृतीयांश चढू द्या. कडेला मोजपट्टी ठेवा.

संगणकाची सवय असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा. त्यात जिओरेफरन्सर वापरून जुना चार्ट आजच्या नकाशावर बसवता येतो. दोन्हींवर ओळखू येणारे आठ-दहा बिंदू द्यायचे. किनाऱ्यावरचे बिंदू घेऊ नका, मुंबईचा किनारा भराव घालून पार बदललेला आहे. किल्ले, टेकड्यांचे माथे, बेटं, दीपगृहं घ्या. जुन्या मोजणीत रेखांशाची थोडी चूक असू शकते, म्हणून काठावरच्या रेषांपेक्षा हे बिंदू भरवशाचे.

ठेवायचं कसं

यातल्या एका चुकीची किंमत मी मोजली आहे. विजयदुर्गाचा एक छोटा जुना चार्ट मी हौसेने विकत घेतला होता. एका फ्रेमवाल्याने तो मला न विचारता प्लायवूडवर पांढऱ्या गोंदाने चिकटवला. दोन उन्हाळ्यांत प्लायचा तेलकट डाग कागदातून वर आला, फुगे धरले, आणि आता तो सोडवता येत नाही. म्हणून लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, कायमचा गोंद नको. फ्रेम करायचीच असेल तर आम्लरहित पुठ्ठ्यावर, वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांनी टांगून, काचेला न चिकटवता. त्याहून बरं, फ्रेममध्ये रंगीत प्रत लावा आणि मूळ कागद आत सपाट ठेवा.

मूळ कागद आम्लरहित कागदाच्या किंवा स्वच्छ पॉलिस्टर फिल्मच्या पाकिटात, सपाट खणात ठेवावा. तेवढा मोठा खण घरात नसेल, तर जाड पुठ्ठ्याच्या रुंद नळीवर बाहेरून गुंडाळा, नळीच्या आत कोंबू नका. आपल्याकडे दोन गोष्टी विशेष सांभाळायच्या. पहिली कूलर. कूलरच्या खोलीत दुपारी ओल आणि रात्री कोरड, असं रोज होतं आणि त्याने कागद आकसतो-फुगतो. दुसरी पश्चिमेची भिंत. तिला टेकलेलं लोखंडी कपाट मे महिन्यात आतून भट्टी होतं. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर जागा करा. माळवदाच्या घरात वाळवीची माती दर महिन्याला बघा. कसर लागते ती अंधारात, न हलवलेल्या कागदाला. म्हणून आषाढात आणि दिवाळीला कागद बाहेर काढून दोन्ही बाजू बघायच्या. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका.

विकण्याचा विचार असेल तर एक कायदा माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी कागदपत्रं पुरावशेषांत मोडतात आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाईक आलं तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा घ्या. त्यांचं मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

सोबत एक चिठ्ठी

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते राहून जातं. चार्टच्या पाकिटात, चार्टला न चिकटवता, पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा. तिचे दोन भाग करा. पहिल्यात कागदावर जे दिसतं तेवढंच: साल, नावं, लांबी-रुंदी, फाटलेल्या जागा. दुसऱ्यात घरात जे सांगतात ते, कोणी आणि कधी सांगितलं यासकट. आमच्या चिठ्ठीच्या पहिल्या भागात इव्हान्स आहे, १८८६ आहे, भोकांची संख्या आहे. दुसऱ्या भागात पणजोबांचा कापूस आहे आणि आजीचं ते एक वाक्य, तिच्याच बोलीत. पणजोबांनी हा कागद कुणाकडून घेतला, ते कुणीच सांगू शकलं नाही. ती ओळ कोरी ठेवली आहे. आत्याच्या घरची जुनी वही अजून बघायची आहे.

क्यूजीआयएसवर काम झालं त्या संध्याकाळी मी आईला शेजारी बसवलं आणि जुना चार्ट अर्धवट पारदर्शक केला. बॅलार्ड इस्टेटच्या इमारतींखालून पाण्यातले आकडे वर आले. पलीकडे बॅकबेच्या बाजूला, मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्ल्यांतही तसेच. आई बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा वर करून तिने त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे किती परस?"